मोटारीच्या अंतर्भागाची निगा

मोटार विकत घेतांना मनुष्य तिचा रंग पाहतो, आकार पाहतो, एक लिटर पेट्रोलवर ती किती किलोमीटर धांवते याची बारकाईनें चौकशी करितो. आणि गाडी दाराशीं आल्यावर रोज सकाळीं तिचें बाह्यांग पुसून चकचकीत करवितो. परंतु ज्या भागांत तो स्वतः बसतो, ज्या भागांतली हवा त्याचीं मुलेंबाळें श्वासावाटे घेतात, तो आंतला भाग मात्र बहुधा उपेक्षित राहतो. बाहेरून लखलखणाऱ्या पुष्कळ गाड्यांचें दार उघडतांच जो कुबट वास नाकांत शिरतो, तो ‘वरून कीर्तन, आंतून तमाशा’ या म्हणीची आठवण करून देतो. बाहेरची घाण डोळ्यांना खुपते, एवढाच तिचा अपराध. आंतली घाण आरोग्याला बाधते, आणि प्रसंगीं जिवावरहि बेतते. म्हणून मोटारीचा अंतर्भाग कसा राखावा, हा प्रश्न केवळ टापटिपीचा समजतां येत नाहीं.

कार्ल बेंझ या जर्मन यंत्रज्ञानें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, तेव्हां हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. त्या गाडीला छप्पर नव्हतें, भिंती नव्हत्या. बसणारा उघड्या हवेंत बसे. पुढें गाडीला दारें, कांचा व छप्पर आलें आणि मोटार ही एक चालती खोली बनली. तरी पुष्कळ वर्षें ही खोली धुण्यापुसण्यास सोपी होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी पुष्कळांच्या स्मरणांत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०२३ सालीं मुंबईच्या टॅक्सींतून कायमची निवृत्त झाली. तिचीं आसनें रेक्झिनचीं असत आणि पायाखालीं रबर अंथरलेलें असे. रेक्झिनवर सांडलेलें पाणी डोळ्यांना दिसे आणि फडक्याच्या एका हातासरशीं निघून जाई. आजच्या गाडींत तसें नाहीं. पायाखालीं गालिचा, गालिच्याखालीं आवाज शोषणारा जाड नमदा किंवा फोम, आणि त्याखालीं पोलादी पत्रा, असे थर असतात. आसनांतहि फोम असतो. त्यामुळें बसणारास सुख झालें खरें. पण पाणी एकदां आंत मुरलें कीं तें दिसतहि नाहीं आणि सहजासहजीं निघतहि नाहीं. वरचा गालिचा हाताला कोरडा लागतो आणि खालचा नमदा भिजलेलाच असतो. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ हा न्याय येथें लागूं पडत नाहीं. येथें झांकलेली ओल लाखाच्या गाडीची माती करिते.

मोटारीच्या आंतल्या भागाचा खरा शत्रु धूळ नव्हे, ओल होय, हें एवढें एक तत्त्व ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढची सारी निगा आपोआप समजते. धूळ झटकली कीं जाते. ओल मात्र बुरशीला जन्म देते, पत्र्याला गंज चढविते, गालिच्याखालून गेलेल्या विजेच्या तारांचे जोड खाते आणि कांचेवर धुकें धरून चालकाची दृष्टि हरण करिते. आपल्या प्रांतांत तर या शत्रूला चार महिने मोकळें रान असतें. मुंबईस वर्षाकांठीं २००० मिलिमीटरांहून अधिक आणि रत्नागिरीस ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या अवधींत. अशा दिवसांत हवाच पाण्यानें इतकी भरलेली असते कीं भिजलेली वस्तु नुसती उघडी ठेवून वाळत नाहीं.

ही ओल गाडींत शिरते तरी कोणत्या वाटेनें? पहिली वाट आपली स्वतःची. भिजलेल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाचे जोडे आणि ओलीं वस्त्रें घेऊन माणसें आंत बसतात. शिवाय स्वस्थ बसलेला मनुष्यहि श्वासांतून व त्वचेंतून तासाला सुमारें ५० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें बाहेर टाकतो. चार माणसें तासभर कांचा मिटून बसलीं म्हणजे पेलाभर पाणी गाडीच्या हवेंत मिसळलें.

दुसरी वाट पावसाची. पुढच्या कांचेच्या बुडाशीं, बॉनेटच्या कडेला एक पन्हळ असते. कांचेवरून ओघळणारें पाणी तींत पडून बाजूच्या छिद्रांनीं खालीं जातें. गाडी गुलमोहराखालीं किंवा चिंचेखालीं उभी असली कीं त्या झाडांचीं बारीक पानें या पन्हळींत सांचून छिद्रें बुजतात, आणि तुंबलेलें पाणी हवेच्या वाटेनें आंत उतरतें. दारांच्या पोटांतहि पाणी शिरतच असतें. तें खालच्या कडेच्या छिद्रांतून गळून जावें अशी योजना असते. गाडी वळतांना दारांत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर तीं छिद्रें चिखलानें बुजलीं आहेत असें समजावें. छताला उघडणारी कांच असेल, तर तिच्या चार कोंपऱ्यांतल्या नळ्यांचीहि हीच कथा.

तिसरी वाट एसीची. हिच्याकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. डॅशबोर्डाच्या पोटांत एसीची थंड जाळी असते. दमट हवा तिच्यावरून वाहिली कीं, थंड पेल्याच्या बाहेरून जसे पाण्याचे थेंब जमतात तसे जाळीवर जमतात. ३० अंश सेल्सिअसच्या पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरांत सुमारें ३० ग्रॅम वाफ असते. तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली कीं तिला १७ ग्रॅमच धरून ठेवितां येते. उरलेल्या १३ ग्रॅमांचें पाणी होतें. तें एका नळीवाटे गाडीखालीं टपटपतें. एसी चालूं असतां गाडीखालीं पाण्याचें थारोळें दिसलें तर घाबरण्याचें कारण नाहीं. दमट दिवसांत तें दिसलें नाहीं, तरच काळजी करावी. नळी धुळीनें बुजली कीं तेंच पाणी गाडीच्या आंत उतरतें, आणि बहुधा चालकाच्या शेजारच्या प्रवाशाच्या पायांखालचा गालिचा भिजतो. पाऊस नसतां तो भिजलेला आढळला, तर प्रथम या नळीचा संशय घ्यावा.

चौथी वाट ऐकून नवल वाटेल. ती म्हणजे साफसफाई स्वतः. उत्साहाच्या भरांत गालिच्यावर बादलीभर साबणपाणी ओतलें जातें, आसनें फेंसानें माखलीं जातात, आणि संध्याकाळीं कांचा मिटून गाडी उभी केली जाते. वरची घाण गेली, पण खालीं चार दिवसांची ओल राहिली. रोगापेक्षां औषध भयंकर म्हणतात, तें हेंच.

ओल राहिली म्हणजे बुरशी आलीच. तिचीं बीजें हवेंत सर्वत्र तरंगत असतात. भिजलेलें कापड, चामडें किंवा नमदा मिळाला कीं एक-दोन दिवसांतच तीं रुजूं लागतात. म्हणून भिजलेली वस्तु २४ ते ४८ तासांच्या आंत वाळविली पाहिजे, असा आरोग्यशास्त्राचा दंडक आहे. बुरशीच्या सूक्ष्म बीजांनीं कित्येकांना शिंका, खोकला व डोळ्यांची खाज सुरू होते, आणि दम्याच्या रोग्याला तर झटकाच येऊं शकतो. एसीच्या जाळीवर बुरशी वाढली असेल तर पंखा लावतांच तीं बीजें थेट तोंडावर येतात. यावर उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. मुक्काम पांच मिनिटांवर आला कीं एसी बंद करावा आणि नुसता पंखा चालूं ठेवावा, म्हणजे जाळी कोरडी होते. सामान ठेवण्याच्या कप्प्यामागें बहुतेक गाड्यांत हवेचा कागदी फिल्टर असतो. तो वर्षांतून एकदां, आणि धुळीच्या रस्त्यावर गाडी फार फिरत असेल तर त्याहून आधीं बदलावा. काळवंडलेला फिल्टर धुऊन पुन्हां बसविण्याची काटकसर करूं नये. भिजलेला कागद हें बुरशीचें माहेरघरच होय.

आतां प्रत्यक्ष सफाईचा क्रम पाहूं. त्यांत दोन नियम मुख्य. आधीं कोरडें, मग ओलें. आणि आधीं वरचें, मग खालचें. प्रथम सारें सामान व पायांखालच्या मॅटी बाहेर काढाव्या. मग छतापासून आरंभ करून मऊ कुंच्यानें धूळ खालीं झाडावी. छताचें अस्तर चिकटविलेलें असतें. तें फार भिजलें कीं सुटून लोंबूं लागतें, म्हणून त्याला ओलसर फडक्याचा हलका स्पर्श पुरे. आसनांच्या फटींत बिस्किटांचा चुरा, फुटाणे, शेंगांचीं टरफलें हमखास सांपडतात. त्यांवर मुंग्या व झुरळें जमतात आणि पावसाळ्यांत उंदीरहि येतात. उंदीर केवळ चुऱ्यावर थांबत नाहीं. तो तारा कुरतडतो. म्हणून या फटी व्हॅक्यूम क्लीनरनें, तो नसल्यास बारीक कुंच्यानें, स्वच्छ कराव्या. डॅशबोर्ड, दारांच्या मुठी, स्टिअरिंगचें चाक व गिअरची मूठ यांना घट्ट पिळलेलें फडकें आणि सौम्य साबणाचे चार थेंब पुरतात. पाणी कधींहि वस्तूवर शिंपडूं नये, फडक्यावर घ्यावें. बटणांच्या व पडद्याच्या आंत विजेचे नाजूक जोड असतात. चामड्याच्या आसनांना खोबरेल लावण्याची पद्धत सोडून द्यावी. आजच्या मोटारींतल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा पातळ थर दिलेला असतो. तेल त्यांतून आंत जात नाहीं. तें वरच राहून धूळ धरितें आणि कपड्यांना डाग पाडितें.

कांचा सर्वांत शेवटीं घ्याव्या, कारण बाकीचें काम करतांना उडालेली धूळ त्यांवरच बसते. कांचेच्या आंतल्या बाजूवर तेलकट असा धुरकट थर जमतो. उन्हानें तापलेल्या प्लॅस्टिकमधून उडालेले अंश त्यास कारण होतात. दिवसा तो जाणवत नाहीं. रात्रीं समोरून दिवे आले कीं कांच पांढरी पडते. शिवाय अशा मळक्या कांचेवर धुकें लवकर धरतें. आंतून आडवें आणि बाहेरून उभें पुसावें, म्हणजे राहिलेली रेघ कोणत्या बाजूची तें तत्काळ कळतें. मागच्या कांचेवर तापणाऱ्या तारांच्या रेघा असतील तर फडकें त्यांच्या दिशेनेंच फिरवावें, आडछेद देऊं नये. पावसांत चालवितांना कांच धुकटली तर हातानें पुसण्याचा मोह आवरावा. बाहेरची हवा आंत घेऊन एसी व कांचेवरचा झोत चालूं केला कीं ती कोरडी होते.

कांहीं डाग व वास यांना निराळा उपचार लागतो, आणि तो शाळेंतल्या रसायनशास्त्रानें ठरवितां येतो. दूध किंवा दहीं सांडलें तर गरम पाणी वापरूं नये. उष्णतेनें त्यांतलीं प्रथिनें गोठून धाग्याला घट्ट धरतात. थंड पाण्याचें फडकें दाबून दाबून टिपावें. घासलें कीं डाग खोल जातो. ओकारीचा वास आंबट, म्हणजे आम्लाचा. त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा, कांहीं तास राहूं द्यावा आणि झाडून घ्यावा. मासळीच्या पिशवीचें पाणी सांडलें तर सोड्याचा उपयोग नाहीं, कारण तो वास अल्कधर्मी द्रव्याचा आहे. तेथें पाणी मिसळलेलें व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. मासळी खाणारा लिंबू पिळतो त्यांत हेंच शास्त्र आहे. मात्र मासळीच्या पाण्यांत मीठ असल्यानें तेथला पत्रा लवकर गंजतो, म्हणून नंतर साध्या पाण्याच्या फडक्यानें पुसून जागा पूर्ण वाळवावी. अत्तराची बाटली किंवा कापराच्या वड्या ठेवून वास दडपणें म्हणजे ताप आल्यावर तापमापक फोडण्यासारखें आहे. वास ही सूचना आहे. तिचें कारण शोधावें. नॅप्थलीनच्या गोळ्या तर बंद गाडींत मुळींच ठेवूं नयेत. त्यांची वाफ लहान मुलांना विशेष घातक ठरते.

येथवर आरोग्याचा विचार झाला. आतां सफाईंतल्या अशा चार चुका पाहूं कीं ज्यांनीं प्राणावर बेतूं शकतें. पहिली मॅटीची. धुतलेली मॅट चालकाच्या पायांखालीं पुन्हां ठेवितांना ती आंकड्यांत नीट अडकविली पाहिजे, आणि एका मॅटीवर दुसरी कधींहि घालूं नये. सरकलेली मॅट ॲक्सिलरेटरवर चढली कीं पाय उचलला तरी गाडी वेग धरून राहते. अमेरिकेंत याच कारणानें २००९ सालीं टोयोटा कंपनीस सुमारें ३८ लक्ष गाड्यांच्या मॅटींविषयीं सूचना काढावी लागली. आसनाखालून घरंगळणारी पाण्याची बाटलीहि ब्रेकखालीं जाऊन असाच घात करिते. दुसरी चूक चकाकीची. डॅशबोर्डावर लावण्याचें चकचकीत द्रव्य स्टिअरिंगवर किंवा पायाखालच्या पेडलांवर लागलें तर हातपाय निसटतात. आणि डॅशबोर्ड फार चमकला तर त्याचेंच प्रतिबिंब पुढच्या कांचेंत पडून रस्ता दिसेनासा होतो. तिसरी सीटबेल्टची. पट्टा मळतो, त्याला वास येतो. पण त्याला ब्लीच किंवा रंग लावूं नये, त्यानें धागा दुबळा होतो. तो पूर्ण ओढून कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें पुसावा, सावलींत वाळवावा आणि कोरडा झाल्यावरच आंत जाऊं द्यावा. चौथी एअरबॅगची. आसनांच्या कडेंत एअरबॅग असेल तर सगळीकडून शिवलेलें आच्छादन तिला फुगूं देत नाहीं. आणि आसनाखालीं पिवळे जोड दिसले तर सफाईसाठीं ते सोडूं नयेत, कारण ते बहुधा याच संरक्षक यंत्रणेचे असतात.

उन्हाचाहि विचार केला पाहिजे. उन्हांत बंद उभ्या राहिलेल्या गाडीच्या आंतली हवा तासाभरांत बाहेरच्या हवेपेक्षां २० अंशांनीं अधिक तापूं शकते, आणि डॅशबोर्ड तर हात लावतां न येण्याइतका भाजतो. त्यामुळें सफाईची फवाऱ्याची डबी, लायटर किंवा हात निर्जंतुक करण्याची बाटली गाडींत ठेवूं नये. अल्कोहोलमिश्रित द्रव्य बंद गाडींत फवारणें तर उघड उघड आगीशीं खेळणें होय. सफाई चाललेली असतांना सर्व दारें उघडीं असावीं. आणि ती आटोपल्यावर गाडी कुलुपबंद करण्यापूर्वीं आंत एखादें मूल खेळत राहिलें नाहीं ना, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें. तापलेल्या बंद गाडींत लहान मुलाचा जीव फार लवकर धोक्यांत येतो.

पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईंतल्या असंख्य गाड्या बुडाल्या. अशी बुडालेली गाडी चालूं करून पाहण्याची घाई करूं नये; साधी गाडी असेल तर बॅटरीची तार सोडावी, आणि विजेवर चालणारी असेल तर तिला हात न लावतां जाणत्याला बोलवावें. पुराच्या पाण्यांत गटाराचें व उंदरांच्या मूत्राचें मिश्रण असतें. त्यापासून लेप्टोस्पायरोसिससारखा ताप येतो. म्हणून हातमोजे व बूट घातल्याशिवाय आंत हात घालूं नये. असा भिजलेला गालिचा व नमदा वाळवून पुन्हां अंथरण्यापेक्षां टाकून देणेंच हिताचें.

ही सारी निगा ऐकतांना पुष्कळ वाटते, परंतु ती वर्षभरांत वांटून टाकली कीं तिचा भार होत नाहीं. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एका सकाळीं पन्हळीचीं छिद्रें, दारांचीं छिद्रें, दारांचीं रबरें आणि एसीची नळी तपासून घ्यावी. पावसाळ्यांत गालिच्याऐवजीं उंच कडेच्या रबरी मॅटी वापराव्या, रोज त्यांतलें पाणी झटकावें, आणि आठवड्यांतून एकदां मॅट उचलून खालच्या गालिच्यावर वर्तमानपत्राची घडी पायानें दाबून पाहावी. कागद ओला झाला तर खालीं पाणी आहे. आकाश उघडलें कीं अर्धा तास चारहि दारें उघडीं ठेवावीं. आणि पाऊस सरला, आश्विनाचें ऊन पडूं लागलें, म्हणजे मोठी सफाई काढावी.

त्यास मुहूर्तहि तयारच आहे. खंडेनवमीला व दसऱ्याला घरोघर हत्यारें, यंत्रें आणि वाहनें स्वच्छ करून त्यांची पूजा होते. मोटारीला झेंडूची माळ घातली जाते, चाकाखालीं लिंबू ठेवला जातो. त्या पूजेच्या आदल्या दिवशीं मॅटी उचलून, गालिचा वर करून, पावसाळ्याची उरलेली ओल उन्हाला दाखविली, तर त्या माळेला खरा अर्थ येईल. जें वाहन वर्षभर कुटुंबाला सुखरूप घरीं आणतें, त्याचें पोट कोरडें आणि निर्मळ राखणें ही त्याची पहिली पूजा होय.